अल्फाँस कुणासाठी थांबत नाही

(लुइझियानाच्या दक्षिणेला, भातखाचरांच्या मधलं एक गाव. शनिवारची दुपार, स्वयंपाकघर. जेवणं उरकली आहेत. ऑरेलिया, घरातली 'रेली', ऐंशीला टेकलेली गायिका, काल लॉस एंजेलिसहून आली आहे. तिची धाकटी बहीण ओडील पियानो वाजवते. आत्ता भांडी पुसते आहे. ओडीलची मुलगी जोनेल सॅक्सोफोन वाजवते आणि बँड तिचाच आहे.)

ओडील: ...तर मी पियानोला हात लावायची नाही. तू तिथं 'पुट' म्हणणार असशील तर मी झाकणसुद्धा उघडणार नाही. झालं?

जोनेल: आई, जरा हळू. मावशी कालच आलीय.

ओडील: काल आली म्हणून आज सांगतेय. उद्या सांगून काय उपयोग? गाणं आज आहे.

रेली: मी गाणार नाही असं म्हटलेलं नाही. हॉलच्या भिंतीवर माझा फोटो लावताय, चार लोक लांबून येतायत, तर मी गाईन. फक्त शब्द बरोबर म्हणेन, एवढंच माझं म्हणणं.

ओडील: बरोबर म्हणे. कुणाचं बरोबर?

रेली: इंग्रजीचं. गाणं इंग्रजीत आहे ना? इंग्रजीत 'सेव्ह' म्हणजे वाचवणं, ओडील. बुडणाऱ्याला वाचवतात, आगीतून पोरं वाचवतात. ताटं कपाटात ठेवतात, आणि त्याला 'पुट' म्हणतात. शेंबडं पोरही सांगेल.

ओडील: या घरात ताटं सेव्हच करतात. आईनं केली, तिच्या आईनं केली. आपल्या फ्रेंचमध्ये ठेवायला नि वाचवायला शब्द एकच, तोच आपण इंग्रजीत उचलून आणला. गाव सगळा तसंच बोलतो. ही बघ, बशी घेतली, पुसली, कपाटात सेव्ह केली. काही बिघडलं का तिचं?

जोनेल: आणि मावशी, खरं सांगू? आता तर अख्खं जग तसंच बोलतं. फोनवर फोटो आला की आपण काय करतो? सेव्ह करतो. तो काय बुडत असतो? नीट ठेवून देतो, म्हणजे पुन्हा सापडावा. तू हे साठ वर्षं आधी गाऊन बसलीस. जगालाच उशिरा कळलं.

रेली: हे छान आहे. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

ओडील: तेव्हा तुला काय सुचत होतं?

जोनेल: थांबा, मला मुळापासून सांगा. फोटो लावताना स्टेजवर मलाच बोलायचंय. लहानपणापासून हे गाणं वाजवतेय, पण झालं कसं ते प्रत्येक जण वेगळंच सांगतो. रेकॉर्डिंग कुठे झालं?

रेली: क्रॉलीच्या रस्त्यावर. मिस्टर फोंतनो म्हणून एक केजन, म्हणजे आपल्यासारखाच फ्रेंच बोलणारा गोरा होता. पुढे टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागे स्टुडिओ.

ओडील: स्टुडिओ कसला, कोठीची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले. मालट्रक गेला की थांबायचं, कोंबडा आरवला की थांबायचं. आणि तिथून रेकॉर्डी निघायच्या त्या पार शिकागोपर्यंत वाजायच्या. या चार गावांतून किती जणं निघाली, जोनेल. एकाचा बाप भात कापायचा, दुसऱ्याचा खाटीक, आमचा बाप घरोघरच्या नाचांत अकॉर्डियन वाजवणारा. आम्ही पोरांनी अकॉर्डियन पलंगाखाली सारला आणि पियानो नि सॅक्सोफोन धरला. बापानं महिनाभर अबोला धरला होता.

रेली: आणि मग पहिली रेकॉर्ड आल्यावर तोच दारात खुर्ची टाकून बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायला.

ओडील: न्यू ऑर्लिन्सवाले म्हणायचे, ही आमची नक्कल. टेक्सासवाले म्हणायचे, आमची. कुणाची नाही, आमची चाल आमचीच. उजव्या हातानं तीन-तीन ठोके, सावकाश, जसं दमलेलं माणूस शनिवारी नाचतं तसं. ते दुसऱ्या कुणाला जमलेलं मी अजून ऐकलं नाही. गेल्या साली लंडनहून एक माणूस आला. गाणं ऐकायला आला असेल म्हटलं, तर त्याला अल्फाँसच्या नाचाच्या हॉलच्या पत्र्याला हात लावायचा होता. लावला आणि रडला बिचारा. मी त्याला गंबो वाढला.

जोनेल: आई, स्टुडिओ.

ओडील: हां. तर गाण्याचे बोल हिनंच लिहिले. आई शनिवारी संध्याकाळी इथं, याच जागेवर उभी राहून जे ओरडायची, तेच.

रेली: "भांडी सेव्ह करा आणि बूट घाला. अल्फाँस कुणासाठी थांबत नाही." अल्फाँस म्हणजे हॉलचा मालक, आत्ता आहे त्याचा बाप. वेळ झाली की पहिलं गाणं सुरू, मग कुणी येवो न येवो.

ओडील: आणि मी इथूनच, भांड्यांत हात घालून, "आले, आई." रेकॉर्डवर मागून जो किनरा आवाज येतो ना, तो माझा. ही आईची हाक घालते, मी ओ देते. तेच गाणं, तेच घर.

रेली: पण लिहिताना मी 'पुट' लिहिलं होतं. शाळेत शिकले होते ना. कागद समोर होता आणि त्यावर स्वच्छ 'पुट' होतं. मग मिस्टर फोंतनोनं बोट वर केलं, तू ठोके सुरू केलेस, आणि माझ्या तोंडून निघालं 'सेव्ह'.

जोनेल: मग कुणी थांबवलं नाही?

ओडील: कोण थांबवणार? ड्रमवाला इथला, गिटारवाला पलीकडच्या मामू गावचा, सॅक्सवाला तर या मागच्या गल्लीतला. फोंतनो घरात तेच बोलणारा. त्याची बायको कॉफी घेऊन आली होती, तीही ऐकत उभी. सगळे माना डोलावत होते. चूक झालीय हे त्या खोलीत एकालाही कळलं नाही.

रेली: मलाही नाही. रेकॉर्ड दुकानात आल्यावरसुद्धा नाही.

ओडील: काय वाजली म्हणून सांगू. भाताच्या जत्रेतला नाच आठवतो, रेली? हॉलमध्ये मधोमध दोरी बांधलेली. इकडे आपण क्रेओल काळे, तिकडे केजन गोरे. दोरीपाशी शेरीफ उभा, कुणी ओलांडू नये म्हणून. आणि हिनं हाक घातली, "भांडी सेव्ह करा", तसा दोन्हीकडून एकच शब्द उठला. दोघांच्याही घरी तोच ना. शेरीफही ओठ हलवत होता, मी पियानोवरून बघितलं.

रेली: मीही बघितलं. त्या रात्री मला वाटलं, आता मी कुठेही जाऊन उभी राहू शकते.

जोनेल: आणि मग?

रेली: मग मी गेले. वर, उत्तरेत. टीव्हीवर बोलावलं होतं, पोरापोरींच्या नाचाचा कार्यक्रम. नवा झगा, नवे बूट. सूत्रसंचालक हातात माईक घेऊन आला, दात चमकवत. म्हणाला, "मिस, एक सांगा. भांडी वाचवायची? का हो, तुमच्या गावात पूर आलाय का?"

जोनेल: अरे देवा.

रेली: सगळे हसले. ती नाचणारी पोरं, कॅमेऱ्यामागची माणसं, सगळे. मी एकोणीस वर्षांची. तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं की त्या शब्दात हसण्यासारखं काही आहे. आणि एकदम शाळा आठवली. वर्गात तोंडातून फ्रेंच निघालं की बाई कोपऱ्यात गुडघ्यांवर बसवायच्या, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं मी परत त्या कोपऱ्यात आहे, फक्त या वेळी सगळा देश बघतोय. मग संगीत सुरू झालं आणि मी 'पुट' म्हटलं. तेव्हापासून 'पुट'च म्हणतेय.

जोनेल: म्हणून तू लॉस एंजेलिसला परत रेकॉर्ड केलंस ते.

ओडील: ते व्हायोलिनांवालं. कुत्र्यानं विचारलं नाही त्याला.

रेली: ओडील.

ओडील: खोटं आहे का? आवाज तुझा, गळा तुझा, सगळं गोडगोड. पण शनिवारची संध्याकाळ नव्हती त्यात. 'पुट' म्हणणारी बाई नाचायला जात नाही, ती झोपायला जाते.

जोनेल: मावशी, इथं तुला कुणी हसणार नाही गं.

रेली: कळतं मला. पण भीती काय कळून जाते? तिकडे मी चाळीस वर्षं चर्चच्या गायकवृंदाला शिकवलं. उच्चार माझ्याकडून तपासून घ्यायचे लोक. ऐंशीव्या वर्षी सगळ्यांसमोर उभं राहून तीच चूक जाणूनबुजून करू? आज रेकॉर्ड करणारेही येणार आहेत. जे निघेल ते कायमचं.

ओडील: मग ऐक. आज सांगते. पोटात ठेवून कंटाळले.

जोनेल: आई, आत्ता नको, गायच्या आधी नको.

ओडील: आत्ताच. रेली, त्या दिवशी तू टीव्हीवर होतीस, तेव्हा आई कुठे होती माहितेय?

रेली: मिसेस लदेंच्या घरी. आपल्या गल्लीत टीव्ही त्यांच्याकडेच होता.

ओडील: चर्चचा झगा घालून गेली होती. टोपीसकट. जशी काही तूच तिला आतून बघणार होतीस. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आता बघा, रेली माझं वाक्य म्हणेल. मग तो माईकवाला आला. इंग्रजी भरभर होतं, आईला कळलं नाही. म्हणाली, का हसतायत? लदेंच्या पोरीनं समजावून सांगितलं. आणि मग तू 'पुट' म्हणालीस.

रेली: तिनं कधीच काही म्हटलं नाही मला.

ओडील: तुलाच काय, कुणालाच नाही म्हटलं. चालत घरी आलो आम्ही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, मी इथंच होते, हातात फडकं. ती त्या दारात आली. म्हणाली, "ओडील, भांडी..." आणि थांबली. तोंड जुळवत उभी राहिली. मग म्हणाली, "पूत कर." 'पुट' तिच्या जिभेवर बसेना. 'पूत' व्हायचं.

रेली: नको.

ओडील: मरेपर्यंत, रेली. पाहुणे असले की जास्तच. आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच कपाटासमोर आधी थांबायची, मग म्हणायची. मी किती सांगितलं, आई, बोल ना पहिल्यासारखं. तर म्हणायची, रेलीनं बदललाय तो शब्द, तिला जगाची माहिती आहे. आपला बाहेर नेण्याच्या लायकीचा नसेल.

रेली: मी फोन करायचे तेव्हा ती म्हणायची, ओडील भांडी पूत करतेय. मला वाटलं, शिकली. मी तिचं कौतुक केलं होतं, ओडील. आई, तुझं इंग्रजी किती सुधारलंय, असं म्हणाले होते मी.

ओडील: ठाऊक आहे. फोन ठेवल्यावर मला येऊन सांगायची. खूश असायची.

जोनेल: मावशी, पाणी देऊ?

रेली: नको. तू मला आधी का नाही कळवलंस, ओडील? इतकी वर्षं?

ओडील: तिनं शपथ घातली होती. म्हणाली, रेलीला तिथं मान वर करून उभं राहायचंय, तिला खाली बघायला लावू नको. आता ती गेली, तूही ऐंशीची झालीस, मीही काही कोवळी नाही. शपथ किती वागवू?

रेली: माझ्यामुळे तिच्या तोंडचा शब्द गेला. कुणाच्या घरातून चमचा नेला तर लाज वाटते, मी आईच्या तोंडातला शब्द नेला.

ओडील: नेला त्या माईकवाल्यानं. तू फक्त परत आणायला उशीर केलास.

जोनेल: आता माझं ऐकाल का दोघी? मावशी, आम्ही दर शनिवारी तुझं गाणं वाजवतो. तू नसताना. शेवटून दुसरं. लोक त्याच्यासाठी थांबतात, म्हातारे खुर्चीतून उठतात. आणि तो शब्द आला ना, की आम्ही वाजवत नाही.

रेली: वाजवत नाही म्हणजे?

जोनेल: सगळं बंद. ड्रम बंद, सॅक्स गळ्यात लोंबत, आईचा हातसुद्धा हवेत. "भांडी" म्हणून मी थांबते, आणि हॉल म्हणतो, "सेव्ह". सगळा हॉल. पायाखाली मक्याचं पीठ टाकलेलं असतं ना नाचायला, ते उडतं. मग आम्ही पुढे वाजवतो. हे कुणी ठरवलेलं नाही. बँड माझ्याकडे आला त्याच्याही आधीपासून आहे.

ओडील: अल्फाँस जन्मात कुणासाठी थांबला नाही. त्याच्या हॉलमध्ये त्या एका शब्दासाठी मात्र सगळं थांबतं.

रेली: हे मला कुणी सांगितलं नाही.

ओडील: तू विचारलंस कधी? फोनवर हवापाणी विचारायचीस.

रेली: म्हणजे मी आज 'पुट' म्हटलं असतं तरी...

जोनेल: तरी हॉलनं 'सेव्ह'च म्हटलं असतं, तुझ्या वरताण. मला तीच धास्ती होती. सगळ्यांसमोर तू एकटी पडली असतीस.

रेली: लहान पोरंही म्हणतात?

जोनेल: ज्यांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही तीसुद्धा. माझी पोरगी घरी तशीच बोलते. शाळेत बाईंनी दुरुस्त केलं, तर म्हणाली, आमच्याकडे यावर गाणं आहे.

रेली: असं म्हणाली?

जोनेल: छाती पुढे काढून. बाईंनी चिठ्ठी पाठवली घरी, गाणं ऐकायला मिळेल का म्हणून.

ओडील: आमच्याकडे यावर गाणं आहे. ऐकलंस ना, रेली? आईला ऐकवायला हवं होतं.

रेली: जोनेल, तुझ्या पोरीला आज पुढच्या रांगेत बसव. मला दिसेल अशी.

जोनेल: बसवते. म्हणजे म्हणणार ना तू?

रेली: म्हणायचं आहे. मनापासून. पण साठ वर्षांची सवय आहे, गं. ती जागा आली की जीभ आपोआप तिकडे वळते. मी ठरवीन एक आणि निघेल दुसरं. नेमका तेव्हा सगळा हॉल थांबलेला असेल.

ओडील: मग एकदा म्हणून बघ इथं.

रेली: नको.

ओडील: अगं, इथं कोण ऐकतंय? मी आणि ही कपाटं.

रेली: म्हणूनच नको. ठरवून म्हटला की तो गायकवृंदातला शब्द होतो. पहिल्यांदा निघाला तेव्हा मी ठरवला नव्हता.

जोनेल: बरं, राहू दे. चार वाजत आले, मला माईक लावून बघायचेत. मी गाडी काढते, मागच्या सीटवर ढोल आहे तो हलवते. पाच मिनिटांत या. मावशी, तुझी ती उंच टाचेची घालू नकोस, तिथली जमीन घसरते.

रेली: मी पन्नास वर्षं त्याच टाचांवर उभी राहिलेय.

जोनेल: इथं नाही राहिलीस. आईचे सपाट घे, दारापाशी आहेत.

ओडील: माझे पाय हिच्यापेक्षा मोठे आहेत.

जोनेल: कापूस घाला पुढे. मी निघाले.

रेली: तुझी पोर चांगली आहे, ओडील. हुकूम सोडते ते कुणावर गेलीय?

ओडील: आपल्या आईवर. दुसरं कोण आहे घरात? कापूस त्या खणात आहे. नाही, खालच्या.

रेली: सापडला. ही फुलाफुलांची ताटं आईचीच ना? अजून वापरतेस?

ओडील: वापरायची नाहीत तर काय करायचं? एकाचा टवका गेलाय, ते मी माझ्यासाठी ठेवते.

रेली: कपाटाची कडी अजून तशीच करकरते.

ओडील: तेल घातलं की चार दिवस गप्प बसते. तू पुढे हो, माझी एवढी राहिलीत. ओली ठेवली तर वास मारतात.

रेली: जोनेल हॉर्न वाजवतेय.

ओडील: वाजवू दे. तिला हॉर्नच वाजवता येतो.

रेली: बूट बरे आहेत, गं. आणि तू अजून चपलेतच? काय चाललंय तुझं? भांडी सेव्ह कर, ओडील, आणि बूट घाल. अल्फाँस कुणासाठी थांबत नाही.

ओडील: आले, आई.